डार्टमूरवरची सोडून दिलेली शेतं : हिवाळ्यातल्या प्रकल्प नोंदी

2 नोव्हेंबर 2024

आज पाडवा, मुहूर्त बरा आहे म्हणून नोंदवही सुरू करते. डार्टमूर म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडे, डेव्हनमध्ये, ग्रॅनाइटचं उंच माळरान. 1951 पासून नॅशनल पार्क, साधारण 954 चौरस किलोमीटर. एक्सेटरहून गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं, आणि इथे राहायला आल्यापासून मी तिथे जातेय. बहुतेक लोक टॉर बघायला जातात, म्हणजे टेकड्यांच्या माथ्यावरचे ते मोठमोठे खडक, आणि खडकाकडे बघत बघत पायाखालच्या बांधांवरून सरळ चालून जातात. मला ते बांध हवेत.

थोडक्यात मांडायचं तर असं : बाराव्या-तेराव्या शतकात लोक या माळावर वर वर सरकत गेले, 300 मीटरच्याही वर, दगड वेचले, गडगे घातले, नांगरट केली, ओट्स आणि राय पिकवलं. मग चौदाव्या-पंधराव्या शतकात ही वरची शेती मागे हटली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी परत कधी नांगर लागलाच नाही, नुसती मेंढरं, गाई नि तट्टं चरत राहिली, म्हणून सातशे वर्षांपूर्वीची शेतं जमिनीवर अजून उमटलेली दिसतात. खाली सपाटीवरची तशीच शेतं नंतरच्या नांगरटीत कधीच पुसली गेली.

तीन तुकडे घेतलेत : मॅनाटनजवळचं हाउंडटॉर, ग्रिम्सपाउंडच्या दक्षिणेचं चॅलाकूम, आणि वेनफर्ड तलावाजवळचा होल्न मूर. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच, कुठली रेघ कुठल्या रेघेवर बसलीय. आधी कोण, नंतर कोण हे कळलं तर बाकीचं हळूहळू सुटतं असं मला वाटतं.

नियमही लिहून ठेवते. खणायचं नाही, दगड हलवायचा नाही, मेटल डिटेक्टर तर अजिबात नाही. यातल्या बऱ्याच जागा संरक्षित स्मारकं आहेत (डार्टमूरवर अशी एक हजाराहून जास्त आहेत) आणि 1979 च्या कायद्याप्रमाणे तिथे विनापरवाना डिटेक्टर फिरवणं हा गुन्हा आहे. बघायचं, मोजायचं, फोटो काढायचा, परत यायचं.

9 नोव्हेंबर

दिवसभर लायडार. विमानातून लेझर मारून जमिनीची उंची मोजतात ते, एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा एक मीटरचा डेटा फुकट मिळतो, कोणीही उतरवून घेऊ शकतं, आणि सरकारी पैशातून झालेलं काम असं सगळ्यांना खुलं असणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइल्स जोडल्या, झाडंझुडपं काढून टाकलेलं मॉडेल घेतलं, म्हणजे नुसती उघडी जमीन.

मग हिलशेड. यात कॉम्प्युटर एका दिशेने खोटा सूर्य लावतो नि सावल्या पाडतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सूर्य ठरावीक वायव्येला असतो आणि तिथेच लोक थांबतात, पण वायव्य-आग्नेय जाणारा बांध त्या प्रकाशात जवळजवळ दिसतच नाही, कारण उजेड त्याच्या लांबीवरून घसरत जातो आणि सावली पडायला जागाच राहत नाही. म्हणून आठ दिशांनी आठ हिलशेड काढले, सूर्य कमी उंचीवर ठेवला, वर स्काय-व्ह्यू फॅक्टरचा थर. हा थर काय करतो तर प्रत्येक ठिपक्यावरून आकाश किती दिसतं ते मोजतो, त्यामुळे चर काळे येतात आणि बांधाचे माथे उजळ, दिशेची भानगडच नाही. स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी यासाठी एक टूल बनवलंय, तेही फुकट.

रात्री हाउंडटॉरचा थर उघडला आणि बराच वेळ नुसती बघत बसले. घरांचे आयत स्पष्ट. त्यांच्या भोवती छोटे छोटे वाडगे. त्याच्या बाहेर लांब वळणदार बांध, आणि या सगळ्याच्या खालून, या कशाचीच पर्वा न करता, वेगळ्याच दिशेने गेलेल्या अगदी पुसट सरळ रेघा. त्या खालच्या रेघांवर होल्न मूरला गेल्यावर लिहीन.

17 नोव्हेंबर

हाउंडटॉर, सकाळपासून दुपारी तीनपर्यंत. ब्रॅकन वाळून आडवा झालाय, आता दिसायला लागलंय. ब्रॅकन म्हणजे इथला नेचा, उन्हाळ्यात कमरेएवढा वाढतो आणि त्याच्याखाली अख्खं शेत गायब होतं.

हे गाव डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या 1086 च्या जमिनींच्या नोंदीत, हुंडाटोरा म्हणून आहे, टॅव्हिस्टॉकच्या मठाकडे होतं. आज दिसतात ते दगडी पाये मात्र त्याच्या नंतरचे, तेराव्या शतकातले. 1961 ते 1975 मध्ये मेरी मिंटर बाईंनी इथे उत्खनन केलं, ते छापून आलं 1979 मध्ये, गाय बेरेसफर्ड यांनी लिहिलं. चार लाँगहाउस, बाकी लहान घरं, आणि तीन कोठारं ज्यांच्यात धान्य वाळवायच्या भट्ट्या आहेत.

लाँगहाउस म्हणजे एकाच लांब छपराखाली माणसं आणि गुरं. मध्ये आडवा बोळ, वरच्या अंगाला चूल नि माणसं, खालच्या अंगाला गोठा, आणि घर मुद्दाम उताराच्या दिशेने लांब बांधलेलं म्हणजे शेण-मूत खाली वाहून जाईल, माणसांकडे येणार नाही. गोठ्याच्या मधोमध दगडी गटार अजून दिसतं. मी वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत चालत गेले तर उतार पोटऱ्यांना जाणवतो. दाराच्या दोन्ही बाजूंचे उभे दगड जागेवर आहेत.

भट्ट्यांपाशी जास्त थांबले. कोठाराच्या एका टोकाला दगडांनी बांधलेला ओटा आणि त्यात गोल खळगा, खालून गरम हवा यायची, वर धान्य पसरायचं. धान्य शेतात वाळत नसेल तरच माणूस हे बांधण्याचे कष्ट घेतो. बेरेसफर्ड यांचा युक्तिवाद याच धर्तीचा होता, की हवा गार नि ओली होत गेली, पीक वाळेना, लोक उतरले. पण मला वाटतं भट्टी उलटंही सांगते. पावसावर त्यांनी तोडगा काढला होता. इतकी नीट दगडी भट्टी बांधणारा माणूस पळून जायच्या तयारीत नसतो, तो इथेच राहायचं ठरवून बसलेला असतो.

आता शेतं. घरांना लागून चार-दोन वाडगे, परसबागा म्हणू. त्यापलीकडे बांध. यातल्या एकाचा कोपरा नीट बघितला कारण तिथे दोन बांध भेटतात. दगडावर हात ठेवून बघावं लागतं, गवतातून कळत नाही. पूर्वेकडून आलेला बांध दुसऱ्याला येऊन टेकतो आणि थांबतो, त्याचे दगड दुसऱ्याच्या दगडांत गुंफलेले नाहीत, नुसते चिकटवून ठेवलेत. म्हणजे टेकणारा नंतरचा. आधी एक मोठं आवार होतं, मग कोणीतरी बाहेर आणखी एक जोडलं. एवढी एक ओळ लिहायला अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास मला सगळ्या दिवसात सर्वात मोलाचा वाटला.

डेव्हिड ऑस्टिन यांनी 1980 च्या दशकात मिंटर बाईंच्या एका निष्कर्षावर हरकत घेतली होती. दगडी घरांच्या खाली जमिनीत बारीक खड्डे सापडले होते, मिंटर बाईंच्या मते ती आधीच्या, थेट सॅक्सन काळापर्यंत मागे जाणाऱ्या मातीच्या घरांची खुंटांची भोकं, एकावर एक बऱ्याच पिढ्यांची. ऑस्टिन म्हणाले इतकं खात्रीने म्हणता येत नाही. मला ऑस्टिन पटतात. पण मिंटर बाईंनी प्रत्येक भोक नीट नोंदवून ठेवलं होतं म्हणून तर वाद घालता आला, हेही तितकंच खरं.

24 नोव्हेंबर

बर्ट वादळ. बाहेर जाणं शक्य नाही. घरी बसून टाइद नकाशे, टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. 1836 च्या कायद्यानंतर त्याच्या हिशेबासाठी इंग्लंडच्या बऱ्याच भागात शेताशेताचा नकाशा झाला, नंबर, मालक, कूळ, शेताचं नाव, पीक का चराई सगळं, आपल्या सातबाऱ्याची आठवण यावी इतकं. डेव्हनचे बरेचसे ऑनलाइन आहेत. माझ्या कामाला याचा उपयोग उलटा : जे बांध 1840 च्या आसपासच्या नकाशावर आहेत ते त्या काळी वापरात होते, म्हणून थर वेगळा. जमिनीवर आहेत पण नकाशावर नाहीत ते माझे. ऑर्डनन्स सर्व्हेचे सहा इंची जुने नकाशे स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर आजच्या नकाशावर बसवून ठेवलेत, त्यांच्याशी पण ताडून पाहिलं.

8 डिसेंबर

काल डॅराग वादळ, आज झाडं पडून रस्ते बंद. बाबांना व्हिडिओ कॉल केला नि कॉर्न डिचचे फोटो दाखवले.

कॉर्न डिच हे आधी सांगते. मध्ययुगात डार्टमूरचा मधला भाग राजाचं शिकारीचं जंगल होतं. फॉरेस्ट म्हणत पण झाडांशी त्याचा संबंध नाही, तो कायद्याचा शब्द, तिथलं हरीण राजाचं. 1204 मध्ये जॉन राजाने बाकी डेव्हन यातून सोडवलं, डार्टमूर आणि एक्समूर ठेवलं. 1239 मध्ये तिसऱ्या हेन्रीने डार्टमूर भावाला, कॉर्नवॉलच्या रिचर्डला दिलं, आणि मग 1240 मध्ये हद्द पायी फिरून नक्की केली. 1337 पासून ते डची ऑफ कॉर्नवॉलकडे, म्हणजे युवराजाच्या जहागिरीकडे, आजही बराच भाग त्यांच्याकडेच.

आता शेतकऱ्याने हद्दीला लागून पीक लावलं तर हरीण येणार, आणि हरणाला इजा करायची सोय नाही. तर बांध असा घालायचा : माळाच्या बाजूने खोल चर, चराच्या आतल्या कडेला उभी दगडी भिंत, आणि भिंतीच्या मागे, शेताच्या बाजूला, मातीचा सावकाश उतरता ढीग. माळावरून येणाऱ्या हरणाला समोर चर आणि त्यावर भिंत, उडी बसत नाही. पण चुकून आत घुसलंच तर शेतातून मातीच्या उतारावरून चढून ते आपणहून बाहेर उडी मारू शकतं. पिकाचं रक्षण पण झालं आणि राजाचं जनावर अडकलं पण नाही.

हे सगळं मी बाबांना सांगायच्या आधीच, फोटो बघून, बाबा म्हणाले, "आधी सांग, गडग्याचा तोंड खंयच्या बाजूक, भायर काय भितुर?" मी म्हटलं बाहेर, माळाकडे, आणि बाहेरूनच चर आहे. ते लगेच म्हणाले, "मगे ता ढोरांक न्हय, रानातल्या जनावरांक." जन्मभर सिंधुदुर्गात रानडुकरांपासून भात राखलेल्या माणसाला राजा, 1204, फॉरेस्ट यातलं काहीही माहीत नसताना भिंतीच्या तोंडावरून कळलं. त्यांच्या वाक्यावरून मी नोंदींच्या तक्त्यात नवा रकाना घातलाय : "तोंड कुठे". प्रत्येक बांधासाठी आता हे भरायचं. दगडी दर्शनी बाजू कुठल्या अंगाला, चर आहे का, असेल तर कुठे. खरं सांगायचं तर या एका रकान्यातून कोण आत होतं आणि कोणाला बाहेर ठेवायचं होतं ते दिसतं.

बाबांनी आणखी एक विचारलं, ही जमीन दर वर्षी करायचे का. त्यावर पुढे लिहीन, आधी थोडं वाचायचंय.

28 डिसेंबर

चॅलाकूम. स्वच्छ थंड दिवस, ऊन दुपारी पण तिरकंच, म्हणजे अगदी हवं तसं. समोरच्या हॅमलडाउनच्या उतारावर उभं राहिलं की चॅलाकूम डाउनच्या अंगावर पट्ट्या दिसतात, एकाखाली एक, सावल्यांच्या रेघा. डार्टमूरवरची पट्ट्यांची शेती इतकी ठळक दुसरीकडे मी पाहिलेली नाही.

या पायऱ्या कोणी एका दिवसात बांधलेल्या नाहीत, आणि हे मला फार आवडतं. उतारावर आडवी नांगरट करत राहिलं की दर खेपेला माती थोडी खाली सरकते, पट्टीच्या खालच्या कडेला साचत जाते आणि वरच्या कडेला जमीन खोदल्यासारखी होते. पिढ्यानपिढ्या गेल्या की खालच्या कडेला माणसाच्या गुडघ्याएवढी, कमरेएवढी पायरी तयार. याला लिंचेट म्हणतात. म्हणजे पायरीची उंची ही नांगरटीच्या वर्षांची एक प्रकारची नोंदच, फक्त किती उंची म्हणजे किती वर्षं हे सूत्र नाही, कारण उतार, माती, पाऊस सगळं बदलतं. मी उंची लिहून ठेवतेय, वर्षं काढत नाही.

पट्ट्या वेगवेगळ्या कुटुंबांच्या. सगळ्या गावाने एकाच टेकडीचे तुकडे वाटून घेतलेले, प्रत्येकाला थोडी बरी थोडी वाईट. चॅलाकूमची वस्ती नंतर आकसत गेली, आता एक शेतघर उरलंय नि जवळ जुन्या घरांचे पाये.

उत्तरेकडे चढून गेलं की बर्च टॉर आणि व्हिटिफरच्या टिनच्या खाणी, डोंगर चिरल्यासारखे मोठमोठे चर. लायडारमध्ये हे चर इतके ठळक येतात की शेजारचे बांध नजरेत भरत नाहीत, म्हणून त्या भागाचा कॉन्ट्रास्ट वेगळा ठेवलाय. तिथेच, वॉरन हाउस इनच्या समोरच्या टेकडीवर, ती चार प्रसिद्ध आवारं आहेत, पत्त्यातल्या चार एक्क्यांसारखी म्हणतात. गोष्ट अशी की 1638 मध्ये विडेकूमच्या चर्चवर वीज पडली त्या दिवशी सैतान जॅन रेनॉल्ड्स नावाच्या जुगाऱ्याला घोड्यावर घालून नेत होता आणि त्याच्या हातातले चार एक्के तिथे पडले. चर्चवर वीज पडली हे मात्र खरंच, 21 ऑक्टोबर 1638, माणसं मेली होती. आवारं बहुतेक सशांच्या वॉरनवाल्यांची, ते इथे मांसासाठी नि कातडीसाठी ससे पाळायचे, म्हणजे माझ्या काळानंतरची. त्यांना "मध्ययुगीन नाही" असा शेरा घालून ठेवलं, कारण पुढे कोणी माझा थर वापरला तर त्याने परत हाच प्रश्न विचारू नये.

11 जानेवारी 2025

थंडीची लाट, सगळीकडे दंव. होल्न मूरवर सकाळी पोचले तेव्हा दंव फक्त बांधांच्या सावलीकडच्या अंगाला उरलं होतं, उन्हाकडचं वितळलेलं, त्यामुळे प्रत्येक रेघेला एक पांढरी कडा. फोटो भराभर काढले, तासाभरात सगळं गेलं.

आता त्या खालच्या सरळ रेघा. त्यांना इथे रीव्ह म्हणतात. ब्राँझ युगातले बांध, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे, समांतर, मैलोन् मैल, दऱ्या ओलांडून पलीकडे त्याच दिशेने चालू. पूर्वी लोक त्यांना अलीकडच्या काळातल्या हद्दी समजायचे, 1970 च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग यांनी पद्धतशीर अभ्यास केला तेव्हा त्यांचं खरं वय आणि व्याप्ती पुढे आली. होल्न मूरवर फ्लेमिंग आणि निकोलस राल्फ यांनी मध्ययुगीन शेतांचाही अभ्यास 1982 मध्ये छापला, आणि मला शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण इथे दोन्ही एकाच माळावर आहेत.

फरक असा दिसतो. रीव्ह सरळ जाते, टेकडी आली तरी वळत नाही, आता बुटकी, गवताने झाकलेली, रुंद पसरलेली. मध्ययुगीन बांध वळणाचा, माळाच्या दिशेने फुगलेला, पोट बाहेर काढल्यासारखा, कारण एका कुटुंबाने किंवा दोघाचौघांनी मिळून जेवढं झेपेल तेवढं कवेत घेतलंय. नंतर त्याला लागून दुसरा फुगवटा, मग तिसरा. एकाला एक लागून वाढत गेलेली आवारं जमिनीवर वाचता येतात, कुठला बांध कुठल्याला टेकतो ते बघत गेलं की क्रम मिळतो.

आणि मग सर्वात सुंदर भाग : मध्ययुगीन शेतकऱ्याने जिथे सोयीचं वाटलं तिथे जुनी रीव्हच उचलून आपला बांध केली. रीव्हवर उभी राहून मी बघत होते, एका ठिकाणापर्यंत ती बुटकी, रुंद, आणि मग पुढे अचानक उंच, चर असलेली, ताजे दगड घातलेली. तोच बांध, पण या टप्प्यात कोणीतरी अडीच हजारांहून जास्त वर्षांनी परत हात लावलाय, आणि त्याचं शेत संपलं तिथे हात थांबलाय. त्याला हे कोणी घातलं माहीत असायचं कारण नाही, त्याला आयती दगडांची ओळ मिळाली. नकाशावर मी अशा तुकड्यांना दोन्ही थरांत ठेवलंय, दोन वेगळ्या रंगांत शेजारी शेजारी.

2 फेब्रुवारी

सरी-वरंब्यांची वर्गवारी. आतल्या जमिनीवरचे वरंबे लायडारमध्ये कंगव्याने विंचरल्यासारखे येतात, पण सगळेच मध्ययुगीन नसतात. इंग्लंडच्या मध्यभागातल्या जड जमिनीत जुने वरंबे रुंद आणि उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखे वाकलेले असतात, कारण बैलांची लांबलचक दावण वळवायला आधीपासूनच तिरकं व्हावं लागायचं. इथे माळावर वरंबे बरेच अरुंद, काही हाताने कुदळीने केलेले असणार. पूर्ण सरळ, एकसारखे, अरुंद वरंबे दिसले की मी आधी एकोणिसावं शतक धरते, विशेषतः प्रिन्सटाउनकडे, जिथे 1809 मध्ये युद्धकैद्यांसाठी तुरुंग सुरू झाला आणि नंतर कैद्यांकडून माळ शेतीखाली आणला गेला.

म्हणून तीन खुणा लावल्या. "नक्की" म्हणजे वरंबे मध्ययुगीन बांधाच्या आत आहेत आणि बांधापाशी येऊन वळतात किंवा थांबतात. "बहुधा" म्हणजे बांधाच्या आत आहेत पण संबंध दिसत नाही. "माहीत नाही" हा तिसरा. वरंबे बांधाच्या खालून जात असतील तर ते बांधाच्या आधीचे, तेवढ्यासाठी वेगळी खूण.

हाउंडटॉरच्या पश्चिमेला लायडारवर एक लांब बारीक रेघ होती, ती प्रत्यक्ष जाऊन पाहिली. समपातळीवर चालते, उतार जवळजवळ शून्य. पाण्याचा पाट. काढून टाकली.

1 मार्च

बाबांचा प्रश्न, दर वर्षी करायचे का.

नाही करायचे. डेव्हनमध्ये मध्ययुगात पद्धत अशी होती की जमिनीचा तुकडा काही वर्षं नांगरायचा आणि मग बरीच वर्षं गवताला सोडायचा, गुरं चरायची, जमीन ताकद धरायची, मग परत फोडायचा. फोडताना वरचं गवत-मूळ सोलून, वाळवून, जाळून राख पसरायची. आमच्याकडे वरकस जमिनीचं तेच, नाचणी-वरी काही वर्षं, मग पडीक, मग परत. बाबांनी म्हणूनच विचारलं होतं.

हे कळल्यावर "गाव कधी ओस पडलं" या प्रश्नाचं रूपच माझ्यासाठी बदललं. सगळीकडे एका वाक्यात लिहिलेलं असतं की 1348-49 च्या प्लेगने ही गावं बेचिराख झाली. प्लेग आलाच होता, डेव्हनमध्ये भयंकर माणसं मेली. त्याआधी 1315 ते 1317 चा मोठा दुष्काळ, पावसाने पिकं कुजली. हवा खराब होत चालली होती हेही आहे. पण शेतात जे दिसतं ते घाईचं नाही. हाउंडटॉरबद्दलच तज्ज्ञांच्या तारखा चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पसरलेल्या आहेत, आणि ते मला साहजिक वाटतं. माणसं मेल्यावर खाली चांगली जमीन मोकळी झाली, जमीनदारांना कुळं मिळेनात, खंड उतरला. वर 340 मीटरवर भट्टीत धान्य वाळवणाऱ्या माणसाला खाली बरी जमीन स्वस्तात मिळत असेल तर तो जाईल. आणि वरचं शेत? ते त्या वर्षी तसंही गवताला सोडलेलं असेल. फक्त या वेळी ते फोडायची पाळी आली तेव्हा कोणी वर आलं नाही. बांध ठीक होते, चराई चालू होती. शेवटची नांगरट करताना ही शेवटची आहे असं कोणालाच वाटलं नसणार.

आणि प्रत्येक ठिकाणचं कारण तेच असेल असंही नाही. ओकहॅम्प्टन पार्कमध्ये 1970 च्या दशकात ऑस्टिन आणि सहकाऱ्यांनी अशाच सोडलेल्या वाड्या खणल्या, तिथे 1300 च्या आसपास कोर्टनी घराण्याने शिकारीचं हरणांचं पार्क केलं होतं. तिथे हवेला नि प्लेगला दोष देण्याआधी जमीनदाराकडे बघावं लागतं. उलट माळाच्या मधोमध पिझवेल आणि बॅबेनीसारखी शेतं प्लेगनंतरही चालू राहिली. 1260 मध्ये एक्सेटरचे बिशप ब्रॉन्सकूम यांनी याच दोन वाड्यांच्या लोकांना मयत लांब लिडफर्डला न नेता जवळ विडेकूमला नेण्याची मुभा दिली होती, कारण वादळात नि पुरात तो प्रवास होत नव्हता. इतक्या आत राहणारी माणसं टिकली आणि कडेच्या हाउंडटॉरची गेली. हवा एवढं एकच कारण असतं तर हे उलट झालं असतं.

22 मार्च

या मोसमातलं शेवटचं फिरणं, हाउंडटॉरला परत. ब्रॅकनचे कोंब अजून वर आले नाहीत पण महिन्या-दीड महिन्यात येतील. ब्रॅकनबद्दल मला खरंच काळजी वाटते. झाकतो ते सोडा, त्याची मुळं जमिनीखाली जाडजूड दोरांसारखी आडवी पसरतात आणि बांधाच्या आतल्या मातीचे थर ढवळून टाकतात, म्हणजे पुढे कधी कोणी काळजीपूर्वक खणलं तरी वाचायला थर उरणार नाहीत. चराई कमी झाली की तो पसरतो. गुरं जास्त झाली तर खुरांनी बांध ढासळतात. दोन्हीच्या मध्ये कुठेतरी राखावं लागतं, आणि ते राखणारे आजचे कॉमनवरचे, म्हणजे सामायिक चराईच्या माळावरचे, शेतकरी आहेत. एक जण भेटले, गाई हलवत होते. मी बांधाच्या कोपऱ्याशी काय बघतेय विचारलं, सांगितलं, तर म्हणाले त्यांच्या गाई पाऊस असला की त्याच बांधाच्या आडोशाला उभ्या राहतात, म्हणून तिथेच जमीन उघडी पडलीय. जाऊन बघितलं, खरंच, दोन हात लांब माती उघडी. फोटो आणि जागा नोंदवली.

सगळे थर एकत्र करून डार्टमूरच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्डकडे, म्हणजे तिथल्या जुन्या अवशेषांच्या नोंदसंग्रहाकडे, पाठवायचेत. प्रत्येक रेघेसोबत : कशावरून दिसली, जमिनीवर पाहिली का, तोंड कुठे, कोणाला टेकते, खात्री किती. उघड्या पडलेल्या मातीचं वेगळं पत्र, ते आधी.

राहिलेलं काम : होल्न मूरच्या दक्षिणेकडचे दोन फुगवटे, त्यातला कुठला आधीचा ते दंवातल्या फोटोंवरून पण ठरत नाहीये, कोपरा गॉर्सच्या काटेरी झुडपात आहे. चॅलाकूमच्या पायऱ्यांच्या उंचीचा तक्ता अर्धा. आणि पुढच्या हिवाळ्यात विडेकूमजवळचं हटहोल्स, तिथल्या घरांपासून सुरुवात न करता बाहेरच्या बांधापासून आत यायचं.